साडेबासष्ट मिनिटं

लातूर,
बुधवार, ६ मार्च २०२४

प्रिय अजीज,

रविवारी कंधारच्या गाडीच्या कंडक्टरनं पिशवी आणून दिली. फोडलेली चिंच अजून तशीच ओट्यावर पडून आहे. तिच्यात घडी करून ठेवलेली तुझी चिठ्ठी मात्र चार दिवस माझ्या शर्टाच्या खिशात आहे, आणि आता ती उघडावीही लागत नाही. ‘लुबना नीटचा फॉर्म भरायला तयार न्हाई. शनिवारी मुदत संपते. म्हणते, अब्बा, माझं डोकं ह्याच्यासाठी न्हाई, उगं अजून एक साल कशाला घालवता. तू तिला वर्षभर फिजिक्स शिकवलंस. तिच्यात हाय का न्हाई, एवढंच सांग. हाय म्हणालास तर मी हातापाया पडून भरायला लावतो. न्हाई म्हणालास तर इथंच बी.ए.ला नाव घालतो, विषय संपला. तू खोटं बोलत न्हाईस, म्हणून तुलाच विचारून राहिलो.’

दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर मी फार सफाईनं बोलतो. वीस-बावीस वर्षं पालकांशी बोलून ती सफाई आली आहे. ‘क्षमता आहे, पण सातत्य हवं’ असं काहीतरी मी तुलाही म्हणालो असतो, आणि तू ते खरं धरून चालला असतास. म्हणून लिहितो आहे. हे पत्र आधी तू एकट्यानं वाच. दुकानात कुणी जळालेली मोटार घेऊन आलं असेल तर त्याला बसू दे थोडा वेळ.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका विमानाच्या गणितात अडकलं आहे, आणि ते गणित आपल्या त्र्याण्णव सालात. तेव्हा आपण नांदेडला बारावीला होतो, हॉस्टेलच्या एकाच खोलीत. गणपती विसर्जनाची रात्र संपत होती. पहाटे चारच्या सुमाराला माझी ट्रंक आपोआप सरकली. तू म्हणालास, ‘चूहा है, सो जा.’ सात वाजता रेडिओनं किल्लारीचं नाव घेतलं. माझं गाव तिथून चार किलोमीटर. तू लगेच उठलास. पायजम्यावर शर्ट चढवलास आणि म्हणालास, ‘चल सुदाम्या, बैठके क्या करता?’

आठच्या गाडीनं आपण निघालो. लोहा, अहमदपूर, लातूर. प्रत्येक थांब्यावर मेलेल्यांचा आकडा वाढलेला असायचा. औशाच्या पुढं गाडी अडली. पाऊस, आणि बघ्यांच्या जीपा, ट्रॅक्टर, मोटारसायकली. शेवटचे बारा-तेरा किलोमीटर आपण चालत गेलो. डोक्यावरून एक हेलिकॉप्टर गेलं तेव्हा तू वर बघून म्हणालास, ‘असल्यात बसायला मिळालं असतं तर अर्ध्या घंट्यात आलो असतो रे.’ पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. घराच्या जागी ढीग होता, माळवदाच्या छताची सगळी माती आत कोसळलेली. आई माझ्या लहानपणीच गेलेली, घरात अप्पा एकटेच. तू कुठून तरी पत्र्याचा तुकडा आणलास आणि उकरायला लागलास. मी नुसता उभा होतो, हे मला आठवतं. अप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले. तुझ्या उजव्या हाताचं मधलं बोट तेव्हापासून वाकडं आहे. त्याच हातानं तू आज मोटारींच्या कॉइल गुंडाळतोस. तू मला म्हणालास, ‘झोपेतच गेले. बघ, चेहरा किती शांत आहे.’ चेहऱ्यावर माती होती, मला काहीच दिसलं नाही. पण तू म्हणालास म्हणून मी ते धरून ठेवलं.

महिन्याभरानं हॉस्टेलात परत आल्यावर मी डायरी लिहायला लागलो. पहिल्या पानावर अप्पांबद्दल एक शब्द नाही. मी कॉलेजच्या भिंतीवरच्या नकाशावर दोरा धरला होता. ‘नांदेडची धावपट्टी ते लातूरची धावपट्टी, सरळ रेषेत १२५ किमी. विमान ताशी ३०० नं गेलं तर २५ मिनिटं. आम्हाला लागले ९ तास.’ एवढंच. का मोजलं ते तेव्हा कळलं नव्हतं, आणि आता कळतं असं म्हणण्याचीही मला खात्री नाही.

पुढचं तुला माहीत आहे. तू दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून वडिलांच्या दुकानात बसलास, मी एम.एस्सी. करून इथं क्लासमध्ये लागलो. तेव्हा आडत बाजारामागच्या एका गोदामात पन्नास पोरं असायची. आता अकराशे आहेत, तीन इमारती आहेत, आणि ह्या गल्लीत संध्याकाळी चालायचं तर पोरांच्या पाठीवरच्या बॅगांना धक्के देतच चालावं लागतं. ते अंतर मी कधीतरी पेपरात घातलं. ‘नांदेड व लातूर या विमानतळांमधील हवाई अंतर १२५ किमी आहे. ताशी २५० किमी वेगाचे विमान नांदेडहून लातूरला जाऊन लगेच परत आले, तर उड्डाणास एकूण किती वेळ लागेल?’ एक तास. सोपा प्रश्न, पोरांना बरं वाटायला पहिल्या पानावर ठेवायचा. वर्षातून एकदा सगळी पोरं माझ्यासाठी ते अंतर कापून यायची. ह्यात मला काय मिळत होतं ते विचारू नकोस.

आमच्याकडची एक रीत तुला सांगायला हवी. आमचे जुने पेपर आन्सर कीसकट गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. म्हणून दरवर्षी आम्ही प्रश्न तेच ठेवून त्यातली एखादी ओळ, एखादा आकडा बदलतो. एका बैठकीत दोनशे प्रश्न असे बदलून होतात. चहा येतो, जातो, हात चालू असतो. आणि दर पंधरा दिवसांनी टेस्टच्या मार्कांवर यादी भिंतीवर लागते. पहिली चाळीस पोरं खालच्या छोट्या खोलीत, तिथं आमचे संचालक शिवमूर्ती सर स्वतः शिकवतात, नाव घेऊन शंका विचारतात. बाकीची वरच्या हॉलमध्ये, अडीचशे-तीनशेच्या गर्दीत. मागच्या बाकांना फळा दिसत नाही, तो टीव्हीवर बघायचा. एकदा वर गेलेलं पोर खाली येणं कठीण, हे आम्हाला माहीत असतं. पालकांना आम्ही ते तसं सांगत नाही.

तू लुबनाला सोडायला आलास तो दिवस आठवतो का? तिच्या हातात पत्र्याची पेटी होती, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, ‘तेरी बेटी है, कान पकडके पढा.’ तू गेल्यावर मी तिला पहिली गोष्ट काय सांगितली असेल? इथं मला काका म्हणायचं नाही. सर म्हणायचं. रविवारी घरी जेवायला यायचं नाही. ती ‘जी’ म्हणाली आणि वर्षभर तिनं ते पाळलं. कुणी म्हणू नये, सरांच्या ओळखीची आहे म्हणून. मला तेव्हा हे फार सरळ वागणं वाटलं होतं, डायरीत तसं लिहूनही ठेवलं आहे. आज वाचताना वाटतं, मला माझं नाव स्वच्छ ठेवायचं होतं आणि त्यासाठी मी तुझी पोरगी वापरली. हे वाक्य मी दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा तसंच ठेवतो.

दिवाळीच्या सुटीनंतरची, नोव्हेंबर दोन हजार बावीसमधली टेस्ट. त्यात विमानाच्या प्रश्नाला मी वारा जोडला. नांदेडकडून लातूरकडे ताशी पन्नासचा वारा, जाताना पाठीशी, येताना तोंडावर. निकालानंतर पेपर समजावून सांगताना लुबना उभी राहिली. तीनशे पोरांत उभं राहायला काय लागतं हे तुला कळणार नाही. ‘सर, साडेबासष्ट मिनिटं येतंय. की मध्ये एक तास दिलंय.’ मी म्हणालो, जाताना वारा मदत करतो, येताना अडवतो, दोन्ही कटून जातं, पुढचा प्रश्न. ती बसली नाही. ‘पण सर, येताना जास्त वेळ वाऱ्यात राहावं लागतं ना, मग कटेल कसं?’ मागून एक जण ओरडला, ‘सर, हिचं विमान हैदराबादला वळसा घालून येतंय!’ हॉल हसला. मीही हसलो, अजीज. आणि म्हणालो, ‘लुबना, की तपासूनच लावलेली असते. बस खाली.’ त्या दिवसापासून पोरं तिला ‘साडेबासष्ट’ म्हणायला लागली. जिन्यात, मेसमध्ये, ‘ओ साडेबासष्ट, पाणी दे की.’

दुसऱ्या कुणाही पोरानं विचारलं असतं तर मी कदाचित खडू घेऊन फळ्यावर मांडलं असतं. ती तुझी होती म्हणून मांडलं नाही.

त्या यादीत ती त्रेचाळिसावी आली होती, म्हणूनच त्या दिवशी वरच्या हॉलमध्ये होती. तोवर सलग सात याद्यांमध्ये ती चाळिसाच्या आत होती. त्या एका प्रश्नाचे चार मार्क गेले आणि चुकीबद्दल एक कापला, असे पाच. पाच मार्क मिळाले असते तर एकतिसावी. मी नंतर मोजलं.

तू कधी कंधारहून लोह्याला सायकलवर गेलास तर वारा पाठीशी असताना लवकर पोचतोस, म्हणून ती मदत थोडाच वेळ मिळते. परत येताना तोच वारा तोंडावर. आता तू हळू चालतोस, म्हणून तो त्रास जास्त वेळ पुरतो. बेरीज बिनवाऱ्याच्या दिवसापेक्षा नेहमी जास्तच होते. विमानाला जाताना पंचवीस मिनिटं, येताना साडेसदतीस. एकूण साडेबासष्ट. प्रश्नात मी वारा घातला, पर्यायांत साडेबासष्ट घातलं, आणि की मागच्या वर्षीचीच राहिली. चहा येत होता, जात होता.

मला हे चौथ्या दिवशी सापडलं, उत्तरांची पुस्तिका छापायला देताना. त्याच संध्याकाळी शिवमूर्ती सरांकडे गेलो. ते म्हणाले, ‘सुदामराव, यादी लागली म्हणजे लागली. आता हलवली तर अकराशे पालक दारात उभे राहतील, म्हणतील अजून कुठं कुठं चुकलात. पोरगी हुशार असेल तर पुढच्या टेस्टला येईल की खाली.’ मी बरं म्हणालो. पुस्तिकेतून तो प्रश्नच काढून टाकला. त्या दिवशीची डायरी: ‘चूक सापडली. उद्या लुबनाला सांगेन.’ परवा मी ती डायरी काढून बसलो. ‘उद्या सांगेन’ हे नऊ दिवस लिहिलं आहे. दहाव्या दिवशी तुरीच्या भावाबद्दल लिहिलं आहे. माझी एक गुंठाही जमीन नसताना, तुरीच्या भावाबद्दल.

ती पुढच्या टेस्टला खाली आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. नीटचा निकाल लागला तेव्हा तुला कळलंच. जूनमध्ये ती घरी गेली, आणि हॉस्टेलच्या बाईंनी तिच्या प्रश्नपुस्तिकांचा गठ्ठा माझ्याकडे आणून दिला, ‘तुमच्या ओळखीची ना, टाकून गेलीय.’ मी तो उघडायला नको होता. नाही, उघडायला हवा होता, आणि उघडल्यावर त्याच दिवशी कंधारची गाडी धरायला हवी होती. पहिल्या पुस्तिकांच्या समासात नुसती आकडेमोड आहे, बारीक, सरळ. नोव्हेंबरनंतर समासात दोन रकाने आखलेले दिसतात. एकावर लिहिलं आहे ‘मला आलेलं’. दुसऱ्यावर ‘त्यांना पाहिजे असेल ते’. आणि गोल तिनं प्रत्येक वेळी दुसऱ्याला केला आहे. मी सगळ्या पुस्तिका मोजल्या. दोन्ही रकाने वेगळे आहेत असे फिजिक्सचे एकसष्ट प्रश्न. त्यांतल्या चव्वेचाळिसांत पहिला रकाना बरोबर होता.

म्हणजे तिचं डोकं बिघडलं नव्हतं. ती शेवटपर्यंत बरोबर उत्तर काढत होती आणि माझ्या शब्दाखातर ते टाकून देत होती. गठ्ठा माझ्या कपाटात नऊ महिने आहे.

आता एक गोष्ट जी मी तुला कधीच सांगितली नाही. दोन हजार चार साली मी पुनर्वसनाच्या गावात गेलो होतो, साखराबाई आजारी होती म्हणून. तीच, आमच्या शेजारची. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, ‘लेकरा, आता मी काय ऱ्हात न्हाई, म्हून सांगते. दुपारी दोनपस्तोर तुज्या अप्पाचा आवाज येत हुता. तुजं नाव घेत हुते. आमी दोघी बाया, कसला दगूड हलतोय? तुज्या त्या मैतरानं हात जोडून शपथ घातली, ह्येला सांगू नगा म्हून.’ दोन वाजता आपण औशाच्या अलीकडं गर्दीत उभे होतो. हे मला वीस वर्षं माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तुला आज कळतं आहे. मी कधी बोललो नाही, कारण तू एवढ्या जपून बांधलेली गोष्ट मला सोडायची नव्हती. आणि खरं सांगायचं तर, लुबनाच्या बाबतीत गप्प बसताना मी मनात तुझाच आधार घेतला. म्हटलं, अजीजही गप्प राहिला होता, कधीकधी न सांगणंच बरं असतं.

आज सकाळी मी त्या टेस्टची दुरुस्त केलेली की माझ्या सहीनं नोटीस बोर्डावर लावली. खाली लिहिलं की सत्तर जणांचं उत्तर बरोबर होतं, आणि विचारायला उभी राहिली ती लुबना अजीज, कंधार. तासाभरात कागद निघाला. शिवमूर्ती सर म्हणाले, ‘सोळा महिन्यांनी? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? उद्यापासून येऊ नका.’ ह्यात काही मोठेपणा समजू नकोस. त्या यादीतली निम्मी पोरं आता लातुरात नाहीतच. जिच्यासाठी लावला ती तर नाहीच नाही.

तू विचारलंस, तिच्यात आहे का नाही. ते सांगायचा अधिकार मी घालवला आहे, आणि फॉर्म भरायचा की नाही हे तुझ्या किंवा माझ्या शब्दावर ठरू नये असं मला वाटतं. तिनं एकदा माझ्या शब्दावर फार काही ठरवलं. पुस्तिकांचा गठ्ठा सोबत आहे. विमानाच्या प्रश्नाखाली मी पूर्ण गणित मांडून सही केली आहे, ते पान वर ठेवलं आहे. पत्र वाचून झालं की दोन्ही तिच्या हातात दे. हे पत्र मी पोस्टानं पाठवत नाही. उद्याच्या पहिल्या गाडीनं स्वतः घेऊन येतो, तुझ्या हातात देतो आणि बसस्टँडवर जाऊन बसतो. तिला मला काही विचारायचं असेल, शिव्या द्यायच्या असतील, तर तिथं असेन. कुणी आलं नाही तर संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन, आणि त्याचा अर्थ मला कळेल. तू त्या दिवशी गप्प राहिलास तेव्हा ढिगाखाली कुणी जिवंत उरलं नव्हतं, अजीज. मी गप्प राहिलो तेव्हा होतं. ती अजून आवाज देते आहे, एकसष्ट वेळा दिला आहे तिनं, समासात, बारीक अक्षरांत. शनिवारपर्यंत वेळ आहे. ह्या वेळी मी उशीर केला तर मधे ना गर्दी आहे, ना पाऊस.

तुझाच,
सुदाम